काचेवरची काच

गेल्या आठवड्यात कपाट आवरायला काढलं. कपाट आवरायला काढलं की आवरणं राहतं बाजूला आणि माणूस जमिनीवर फतकल मारून जुन्या वस्तू बघत बसतो, हा तुम्हा सगळ्यांचाच अनुभव असणार. तर त्यात एक चपटी प्लॅस्टिकची डबी निघाली. आत लहान मुलीच्या बांगडीएवढी गोल काच, तिला काळी धातूची कड आणि कडेला बारीक आटे. कडेवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ५२ मि.मी., यूव्ही.

ही काच म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे लावायचा फिल्टर. तिच्याविषयी लिहायचं गेली दीडदोन वर्षं मनात होतं, पण लिहिलं नाही, कारण ते लिहायचं तर आमच्या घरातल्या एका फोटोविषयी लिहावं लागणार होतं. तो फोटो नात्यातल्या निदान सात-आठ घरांत आहे. काही घरांत तर तो देवघरात आहे. असो, त्याकडे येतोच. आधी काचेचं सांगतो.

१९८७ साली माझा धाकटा भाऊ मस्कतहून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी याशिकाचा एफएक्स-३ कॅमेरा आणला. आमच्याकडे गल्फातून माणूस आला की टेपरेकॉर्डर, सेंट, ब्लँकेट हे ठरलेलं. त्यात हा कॅमेरा! शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवायचो. यंत्र म्हणजे सायकल आणि सायक्लोस्टाईल, एवढीच ओळख. पण महिन्याभरात मला त्याचं वेड लागलं. छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवून पुरवून वापरायचा, मालवणच्या स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि आठ दिवस वाट बघायची. त्या वाट बघण्यातही मजा होती. आताच्या मुलांना ती सांगून कळायची नाही.

कॅमेरा घरी आला त्याच दिवशी हिने (म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी) तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "अवो, तेका पुढ्यात कायतरी झाकान घाला. खाऱ्या वाऱ्यान लोखंड खाता, थंय काच काय ऱ्हवतली?"

हिच्या झाकण्याच्या हौसेविषयी नातेवाइकांना वेगळं सांगायला नको. आमच्या टीव्हीला क्रोशाचं कव्हर होतं. ते टीव्ही बघतानासुद्धा वर गुंडाळून ठेवलेलं असायचं, काढलेलं नसायचं. रिमोट जन्मापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. फ्रिजच्या मुठीला कापडी पट्टा. मिक्सरला शिवलेलं टोपडं. माझ्या बी.ए.च्या सर्टिफिकेटलाही तिने प्लॅस्टिक घातलं होतं. मी चेष्टा करायचो, की तुला जमलं असतं तर तू मलाही कव्हर घातलं असतंस. ती म्हणायची, घातलं असतं तर तुमचे केस एवढे गेले नसते.

पण लेन्सच्या बाबतीत तिचं म्हणणं बरोबर निघालं. त्याच वर्षी शाळेच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो. फोर्टात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत तिथे चौकशी केली, तर दुकानदाराने न विचारताच हा फिल्टर पुढे केला. मी म्हटलं, याने काय होतं? त्याने सांगितलं ते आजही लक्षात आहे. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण फिल्मला मात्र दिसतात. त्यामुळे लांबचे डोंगर, समुद्र, आकाश यांवर फोटोत निळसर धुरकटपणा येतो. ही काच ते किरण अडवते. वर, म्हणाला, लेन्स सांभाळली जाते. काच फुटली तर दुसरी मिळेल, लेन्स फुटली तर काय कराल? शिक्षकाच्या पगारावर हा युक्तिवाद बिनतोड होता. घेतला.

आमच्या समुद्राची ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. वायरी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात वारा सुटलेला असताना अर्धा तास उभे राहा आणि मग चष्मा काढून बघा. त्यावर धूसर थर आलेला असतो. ते मीठ. लाट फुटताना जे बारीक तुषार उडतात ते वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी सुकतं आणि मीठ उरतं. त्याच्या जोडीला वाळू. आणि आपण काय करतो? सदऱ्याचं टोक धरतो आणि खसाखस पुसतो! वाळूतल्या कणांत गारगोटीचा अंश असतो, तो काचेपेक्षा कठीण. म्हणजे आपण आपल्या हाताने काच घासून काढत असतो. मी पहिले दोन महिने हेच केलं. मग फिल्टरवर बारीक रेघा दिसायला लागल्या आणि अंगावर काटा आला, की ही काच नसती तर या रेघा लेन्सवर असत्या. तेव्हापासून आधी फुंकर (तोंडाने नव्हे, तोंडाच्या फुंकरीत थुंकीचे कण असतात, औषधाच्या दुकानात रबरी पिचकारी मिळते ती), मग विहिरीच्या गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं जुनं मलमलचं कापड, मग कोरडं. आणि हे सगळं फिल्टरवर. लेन्सला हात लावायची वेळच येऊ द्यायची नाही.

१९९१ची गोष्ट. शाळेची सहल घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो होतो. मालवणात राहून किल्ल्यावर सहल म्हणजे काय, असं बाहेरच्यांना वाटेल, पण आमच्या मुलांतली निम्मी तरी तोवर होडीत बसून किल्ल्यात गेलेली नसायची. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं ते १६६७ला पुरं झालं, हे धड्यात वाचलेलं. पण दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं गोडं पाणी चारी बाजूंनी खारं पाणी असताना ओंजळीत घेतल्याशिवाय तो धडा पुरा होत नाही, असं माझं मत. चुन्यातले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आणि त्यांच्यावर बांधलेल्या छोट्या घुमट्या दाखवल्या. एका मुलीने विचारलं, "गुरुजी, ह्यांच्यार घुमटी कित्याक बांधली?" मी म्हटलं, पावसाने झिजू नयेत म्हणून. हिची आठवण झाली.

परतताना होडीत चढायच्या जागी दगडांवर शेवाळ होतं. सहावीतला एक मुलगा घसरला. मी त्याचा दंड धरला, तो वाचला, पण गळ्यातला कॅमेरा झोका खाऊन दगडावर आपटला. तो आवाज अजून कानात आहे. बघतो तर फिल्टरच्या काचेचे तुकडे झालेले, कड एका बाजूने चेपलेली.

घरी येऊन ती कड काढायला गेलो तर निघेना. आटे चेपून बसले होते. पकड घ्यायची की नाही या विचारात होतो, शेवटी बाजारातल्या घड्याळवाल्याकडे नेला. त्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "जोर लावू नकात, गुरुजी. जोर लावल्यात तर आणखी अडकतला." त्याने आधी कॅमेरा उपडा धरून ब्रशने सगळ्या काचा पाडल्या. मग जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा कडेभोवती गुंडाळला आणि बोटांनी दाबून न धरता, तळव्याने सगळीकडून सारखा भार देत हळूहळू फिरवलं. निघाली! (ही युक्ती लक्षात ठेवा. फिल्टर अडकला की आपण दोन बोटांनी घट्ट चिमटीत धरतो, त्याने कड लंबगोल होते आणि आणखी अडकते. रबराने सगळीकडून धरायचं.)

लेन्स शाबूत होती. फक्त एक बारीक ओरखडा, काचेच्या तुकड्याने केलेला. तो फोटोत कधीच दिसला नाही. घरी आलो आणि मोठ्या तोऱ्यात हिला सांगितलं, तुझ्या झाकणाने लेन्स वाचवली. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवायला तिरफळं घातलेली बांगड्याची कढी होती. कामाचा वार, आणि कढी!

पुढे पंचवीस-तीस वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. वर्गात सांगितली, लग्नात सांगितली. अलीकडे नातीने तिच्यावर पाणी ओतलं. ती म्हणते, आजोबा, फिल्टरची काच दोन मिलिमीटर जाड असते, ती जरा धक्का बसला तरी फुटते. लेन्सची पुढची काच जाड आणि फुगीर असते. फिल्टर फुटला म्हणजे तो नसता तर लेन्स फुटली असती, हे कशावरून? उलट ओरखडा पडला तो फिल्टरच्याच तुकड्याने! धक्क्यापासून वाचवायचं तर पुढे लेन्सहूड लावायचा, तो टेकण्यासारखा आधी मार खातो. यावर मला काही उत्तर देता आलं नाही. तरी ती कड चेपली नसती तर लेन्सची चेपली असती, एवढं मी धरून ठेवलंय. मीठ आणि वाळूच्या बाबतीत मात्र ती माझ्या बाजूची आहे.

तर फुटलेल्या फिल्टरच्या जागी दुसरा आणला, तो हा, डबीत सापडलेला. हा मुंबईचा नव्हे. जत्रेत, बाजारात मिळतात तशा किरकोळ वस्तूंच्या एका दुकानात दीडशे रुपयांत मिळाला. काच ती काच, असा माझा समज. काचेवर मुलामा असतो, तो का असतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर याशिकावर त्याने कधी त्रासही दिला नाही.

२०१०मध्ये मुलाने निकॉनचा डिजिटल एसएलआर दिला. सोबत १८-५५ची लेन्स. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, वेळच वेळ होता. पुठ्ठ्याचा खोका उघडला, लेन्सवर बघितलं तर लिहिलेलं ५२ मि.मी. म्हणजे तोच आटा! मला कोण आनंद झाला. याशिकावरचा फिल्टर काढला आणि निकॉनवर बसवला. एका गड्याचा सदरा दुसऱ्याला बेतशीर यावा तसा बसला. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मऐवजी सेन्सर असतो आणि त्या सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारी काच कंपनीनेच घातलेली असते, त्यामुळे यूव्ही फिल्टरचं मूळ काम तिथे उरतच नाही, हे मला नंतर कळलं. आता कंपन्या नुसत्या साध्या काचेचे फिल्टरही 'प्रोटेक्टर' म्हणून विकतात, म्हणजे हिच्या भाषेत झाकण. पण मला त्या वेळी यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, "झाकान घातलात मा?" मी म्हटलं, घातलं.

आता त्या फोटोकडे येतो.

२०१२ची आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीच्या या जत्रेची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ठरली की मुंबईचे चाकरमानी रजा टाकून गाड्या भरून येतात. त्या वर्षी आमची आक्का (माझी थोरली बहीण) मुंबईहून आली होती. आम्ही सगळे रात्री गेलो. दर्शनाची रांग, खाज्याची दुकानं, फुगेवाले, धूळ, आणि सगळीकडे दिव्यांचा झगमगाट. दर्शन झाल्यावर मी हिला म्हटलं, थांब इथे, देवळाची रोषणाई मागे येऊ दे, एक फोटो काढतो. ती नेहमीप्रमाणे पदर सारखा करून उभी राहिली. दोन-तीन फोटो काढले.

घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितलं, तर त्यातल्या एका फोटोत तिच्या कपाळावरून खांद्यापर्यंत हिरवट प्रकाशाच्या ठिपक्यांची एक ओळ उतरलेली. अंधुक, पण स्पष्ट. जणू कुणी हिरव्या मण्यांची माळ घातलीय. आजूबाजूच्या कुणावर नाही, फक्त तिच्यावर. मी तेव्हा म्हटलं, काहीतरी बिघडलंय. ती हसली, म्हणाली, बरा दिसता, ऱ्हवांदे.

त्या पावसाळ्यात ती आजारी पडली आणि चतुर्थीच्या आधी गेली.

बाराव्या दिवसानंतर फोटो लावायचा तर कुठला, म्हणून सगळे शोधायला बसले. अलीकडचा, नीट साडीतला, हसरा असा तोच एक होता. आक्काने तो बघितला आणि हात जोडले. म्हणाली, "देवीन तिका पयलीच खूण दिल्यान." झालं. स्टुडिओतून प्रती काढून आणल्या, ज्याने त्याने नेल्या. मग मोबाइलवरून फिरला. मला लोक विचारायचे, गुरुजी, हा तोच फोटो का? मी मान हलवायचो.

इथे मला खरं सांगायला हवं. मी नुसती मान हलवत नव्हतो. इतिहासाच्या तासाला पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, की पुराव्याशिवाय बोलू नका, दंतकथा आणि इतिहास वेगळा ठेवा. पण रात्री पडवीत एकटा बसलो की त्या फोटोकडे बघताना मला वाटायचं, असेलही. आपल्याला काय कळतंय? तिला कुणीतरी नेलं, ती कुणाची तरी होती, असं मानलं की डॉक्टरकडे आणखी दोन महिने आधी का नेलं नाही, या प्रश्नाची धार जरा कमी व्हायची. म्हणून मी तो फोटो कुणा जाणकाराला दाखवला नाही. दाखवायचाच नव्हता.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. सोळा तारखेला दिवसभर जे काय चाललं होतं ते आठवलं तरी नको वाटतं. माडच्या माड आडवे झाले, कौलं उडाली, आणि वीज गेली ती आमच्याकडे आठव्या दिवशी आली. कॅमेऱ्याच्या कपाटात मी बारा महिने एक छोटा दिवा लावून ठेवतो, त्याच्या उबेने आत दमट होत नाही. कोकणात कॅमेरे असलेले बहुतेक लोक हे करतात. तो दिवा विझला, पाठोपाठ पावसाळा आला, माझं घर शाकारण्यात लक्ष. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर याशिकाच्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं, कोळ्याने विणल्यासारखं. बुरशीला फिल्टर अडवत नाही. उलट फिल्टर आणि लेन्स यांच्यामध्ये ओल कोंडली तर तिथेच ती आधी धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आता, आणि महिन्यातून एकदा फिल्टर काढून ऊन नाही पण वारा दाखवतो. (तांदळात ठेवा म्हणून सांगणारे भेटतील. ऐकू नका. तांदळाची भुकटी आत जाते.) निकॉन मात्र मुलाकडे मुंबईला होता, म्हणून वाचला.

तो निकॉन आता नातीकडे आहे. पुण्याला शिकते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आली तेव्हा पडवीत बसून तो साफ करत होती. फिल्टर काढून उजेडात धरला आणि म्हणाली, "आजोबा, ही काच कसली हो? हिला कोटिंगच नाही. हिच्यावर रात्री फोटो काढले तर भुतं येतात."

मी म्हटलं, भुतं?

ती म्हणाली, तसंच म्हणतात त्याला. आणि तिने समजावलं. साध्या काचेवर प्रकाश पडला की तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शंभरातला चारेक भाग परत फिरतो. रात्री घरात दिवा असताना खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो ना, तो याच कारणाने. दोन बाजूंचे मिळून आठ. चांगल्या फिल्टरवर मुलाम्याचे अनेक थर असतात, तिथे हे एका टक्क्याच्याही खाली येतं. आता रात्रीच्या अंधारात समोर झगझगीत दिवे असले, की त्यांचा प्रकाश लेन्समधून आत सेन्सरवर पडतो. सेन्सर आरशासारखा चकचकीत, फिल्मसारखा मळकट नव्हे. तिथून थोडा प्रकाश उलटा बाहेर येतो, या सपाट काचेवर आपटतो आणि परत आत जातो. दिव्यांचं दुसरं, फिकट चित्र उमटतं. पण उलटं. दिवा वर डावीकडे, तर भूत खाली उजवीकडे, मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे. दिवसा ते उजेडात बुडून जातं, रात्री दिसतं. रंग बहुधा हिरवट.

हिरवट म्हटल्यावर मी गप्प झालो. तीही गप्प झाली, कारण भिंतीवरचा फोटो तिच्या समोरच होता.

थोड्या वेळाने म्हणाली, "बघू का?" मी म्हटलं, बघ.

तिने फ्रेम उतरवली, काचेवर पट्टी ठेवून दोन कर्णांनी मध्य काढला. देवळावरच्या दिव्यांच्या माळेतल्या एका दिव्यापासून मध्यातून रेघ नेली. जुळेना. तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे. मला, काय सांगू, बरं वाटलं! म्हटलं, बघ, नाही जुळत. ती म्हणाली, थांबा, हा आठ बाय दहाचा आहे. कॅमेऱ्याच्या फोटोचा आकार असा नसतो, स्टुडिओवाल्याने कडा कापल्यात. मग मध्य सरकणारच. मूळ फोटो कुठाय?

मूळ फोटो जुन्या कॉम्प्युटरवर होता. लावला. तिने पुन्हा मध्य काढला. एकेक दिवा घेतला, एकेक ठिपका घेतला. जितकं इकडे तितकंच तिकडे. मी तरी म्हटलं, योगायोग असेल. तेव्हा तिने एक दाखवलं. देवळावरच्या माळेत डावीकडून चौथा दिवा बंद होता, गेलेला. आणि हिच्या अंगावरच्या ठिपक्यांत उजवीकडून चौथा ठिपका नव्हता.

बारा वर्षं रोज तो फोटो बघत होतो, ती रिकामी जागा मला दिसली नव्हती.

नातीला वाटलं, आपलं चुकलं. म्हणाली, सॉरी आजोबा. मी म्हटलं, वेडी आहेस का, आयुष्यभर मी मुलांना हेच शिकवलं. पण त्या रात्री जेवण गेलं नाही. देवीची खूण गेली याचं वाईट वाटलं असं म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. देवी काय दिव्यांच्या माळेवर अवलंबून नाही, यंदाही मी जत्रेला गेलोच. मला लागलं ते असं, की तिचा हातात उरलेला शेवटचा चांगला फोटो, आणि त्यात तिच्या चेहऱ्यापुढे मी लावलेली दीडशे रुपयांची काच. तीसुद्धा तिनेच झाकण घाला म्हटलं म्हणून लावलेली. हसावं की काय करावं?

प्रश्न राहिला आक्काचा. आक्का आता चौऱ्याऐंशीची आहे. तिच्या देवघरात तो फोटो आहे, रोज फूल असतं. सांगायचं की नाही, यावर मुलगा म्हणाला, कशाला? सून म्हणाली, त्यांना काय फरक पडतो? मलाही तेच सोयीचं वाटत होतं. पण हे इथे लिहायचं तर तिची नातवंडं हे वाचून तिला दाखवणारच. तिला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून गेल्या रविवारी फोन केला. प्रकाश, काच, सेन्सर असं बरंच काय काय सांगत सुटलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"अरे, माका काय समाजना नाय? माझ्या झिलान तेवाच सांगल्यान, मामान काच घालून फोटो काढलो म्हणान तसो इलो. पण माका तो उजेड तिच्या तोंडार बरो दिसता. तू तुझी काच काढ नायतर ठेव. फोटो माझो आसा."

म्हणजे बारा-तेरा वर्षं तिलाही ठाऊक होतं! आणि मी ठाऊक नसल्यासारखा वागतोय हेही बहुधा ठाऊक असणार. भाचा इंजिनियर आहे हे मी कसं विसरलो कोण जाणे.

आता काचेचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. नातीसाठी मी चांगला, मुलामा दिलेला साध्या काचेचा फिल्टर मागवला. तिचं-माझं ठरलंय असं, की समुद्रावर वारा असताना, होडीत, धुळीत तो लावायचा. रात्री दिवे समोर असतील, सूर्य मावळतीला समोर असेल, तर काढून खिशातल्या डबीत. ती म्हणते, काही महागड्या लेन्सना पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून पुढे फिल्टर लावायलाच कंपनी सांगते, कॅननच्या काही लेन्सना तसं आहे. आमच्या १८-५५ला तसलं काही नाही. परवा देवबागच्या संगमावर जाऊन आली. फिल्टरवर मिठाचा थर होता. तिने सदऱ्याचं टोक हातात घेतलं होतं, तेवढ्यात माझ्याकडे बघितलं आणि सोडून दिलं.

आणि हो, एक राहिलं. त्या रात्री दोन-तीन फोटो काढले म्हणालो ना, कॉम्प्युटर चालू होता म्हणून बाकीचेही बघितले. एक हललेला आहे. दुसऱ्यात मी अजून कॅमेरा सरळही केला नव्हता, देवळावरचे दिवे चौकटीबाहेर राहिलेत, मागे नुसती गर्दी आणि एका फुगेवाल्याचा हात. त्यात भुतं नाहीत. पण हिचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडं, मला काहीतरी सांगतेय. म्हणून तेव्हा बाद केला होता. काय सांगतेय ते मला पक्कं आठवतं. "अवो, झाकान काढलात मा?" एसएलआरला पुढे झाकण असलं तर आत नुसता काळोख दिसतो, झाकण ठेवून फोटो निघूच शकत नाही, हे मी तिला पंचवीस वर्षं सांगत होतो. दर फोटोला ती विचारायचीच.

तो फोटो घेऊन काल बाजारात गेलो. स्टुडिओत आता पूर्वीच्या मालकाचा मुलगा बसतो, माझाच विद्यार्थी. त्याने पडद्यावर बघितला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्येच्यात बाईंचे डोळे मिटलेले आसत. दुसरो नाय?"

म्हटलं, ह्योच दी. आणि कडा कापू नको.